आपल्याच भाषेतलं

चाळीस वर्षं आपल्या भाषेचं साहित्य शिकवलेल्या सरांनी, लेकीने अनुवाद केलेल्या स्वीडिश कथांचं एकही पुस्तक कधी उघडून पाहिलं नव्हतं. आता त्यांना कुणाचीच ओळख उरली नव्हती, तेव्हा ती रोज दुपारी पलंगाशी खुर्ची ओढून त्यांना त्याच कथा वाचून दाखवायची. ते छताकडे बघत पडून असायचे. ऐकताय ना, असं विचारणंही तिने कधीच सोडून दिलं होतं.

आज बर्फात वाट चुकलेल्या पोस्टमनची गोष्ट संपली आणि त्यांनी मान वळवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

“बाई, काय भाषा आहे हो! एक शब्द इकडचा तिकडे करता यायचा नाही. असं लिहायला माणूस याच भाषेत वाढलेला लागतो.”

“हो,” ती म्हणाली. तिला काही वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

त्यांनी तिचा हात धरला आणि आवाज खाली आणून म्हणाले,

“हे माझ्या मुलीला वाचायला द्याल का? बिचारी जन्मभर भाषांतरंच करत बसली.”