चिमूटभर माती

शनिवारच्या शर्यतीत टकरची गाडी त्याच्या आठवणीखातर एकदा पळवायची, असं त्याच्या दोस्तांनी ठरवलं. म्हणून टकर गेल्यावर आठ महिन्यांनी लॉयडने लेकाच्या गाडीवरचं कापड काढलं आणि दोस्तांनी आणून दिलेलं, ड्रॅग रेसचं लहान चाक चढवायला घेतलं. चाक फिरेना. आत ब्रेकच्या कॅलिपरला, चकती आवळणाऱ्या पकडीला, घासत होतं.

"कंपनीचा कॅलिपर जाडच असतो. थोडा घासून काढ, सगळेच काढतात," शेजारचा ऑर्विल म्हणाला.

लॉयडने चाक उतरवून आत बॅटरीचा झोत मारला. कॅलिपरवर वाळलेल्या मातीचा गोळा होता. मऊ माती लावून चाक बसवायचं, म्हणजे किती फट उरते ते कळतं, ही युक्ती त्यानेच टकरला शिकवलेली. त्या दिवशी माती लावून पोरगा चाकं आणायला गेला, आणि वाटेतल्या अपघाताने त्याला घरी येऊ दिलं नाही.

"मग अडचण मिटलीच की. खरवडून टाक ती माती," ऑर्विलने पेचकस पुढे केला.

लॉयडने तो घेतला नाही.

"नाही बसत चाक. शनिवारी गाडी येणार नाही म्हणून सांग पोरांना."

 

मातीच्या कडेला टकरच्या अंगठ्याचा ठसा होता, रेघन्‌रेघ शाबूत.