सिंहमुखी खुर्ची

जुन्या राजवाड्यातली वाटावी अशी ती सिंहमुखी हातांची खुर्ची इरण्णाच्या बापानं, संगप्पानं, तीन महिने खपून कोरली होती. पॉलिश वाळल्यावर म्हातारा जरा टेकला, तर शुक्रवार पेठेतल्या मंडपवाल्या हिंदुरावानं त्याला चारचौघांत दंडाला धरून खेचलं.

"ऊठ ए म्हाताऱ्या! आमदारासाठी हाय ती. तुझी लायकी हाय का?"

परवा इरण्णानं तीच खुर्ची एका दिवसाच्या भाड्यानं मागितली.

"कुणाचा सत्कार रे?"

"माझ्या बापाचा, अप्पांचा."

हिंदुराव फिदीफिदी हसला. "बसव, बसव. भाडं दिल्यावर कुणीबी बसंल की!"

 

लिंगायत आपलं मेलेलं माणूस आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. अप्पांना मातीत पोचवून इरण्णानं खुर्ची पुसून परत केली. आज तिच्यात आमदार बसलाय, गळ्यात हार घालून.