श्वास मोजायची शिकवणी

"पाठ ताठ ठेवा. हात मांडीवर. श्वास आला की एक, गेला की दोन. दहा झाले की पुन्हा एकपासून," ढुंढिराजगुरुजी म्हणाले आणि देवदत्तच्या आधी स्वतःच डोळे मिटून बसले.

देवदत्तनेही मिटले. भोसले घाटाच्या वरच्या त्या माडीत खिडकीतून गंगेचा गारवा येत होता. खालून एखादी नाव जायची, वल्ह्याचं पाणी निथळायचं, मग पुन्हा सामसूम. तो चारपर्यंत पोचला आणि आकडा हातून सुटला.

त्याने हळूच पाहिलं. गुरुजींचा श्वास भात्यासारखा चालला होता. कपाळावर घाम होता. हा काही वरच्या पायरीचा प्राणायाम असावा, असं त्याला वाटलं.

"मन भटकलं, गुरुजी," तो शेवटी म्हणाला.

"भटकणारच. त्याच्यावर डाफरू नका. जिथं सापडेल तिथून परत आणा." गुरुजी थांबले. "उद्या या. सकाळी सहाला."

ही मे महिन्यातली गोष्ट. देवदत्त बँकेच्या नोकरीसाठी साताऱ्याहून काशीत आला होता, एकटाच राहायचा. गुरुजी संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या घरातही दुसरं कुणी नव्हतं. भिंतीवर पत्नीचा, शरदिनीबाईंचा, हार घातलेला फोटो होता. देवदत्त नेहमी त्याच्याकडे पाठ करून बसायचा.

खरं तर तो ध्यान शिकायला आलाच नव्हता.

त्र्याण्णवच्या जानेवारीत, पहाटेच्या धुक्यात, त्याच्या स्कूटरची धडक एका बाईंना बसली. शालीत गुंडाळलेल्या त्या बाई रस्त्याच्या कडेला फेकल्या गेल्या. त्याने एकदा वळून पाहिलं आणि तो पळाला. तिसऱ्या दिवशी पेपरात नाव आलं. मराठी नाव. खाली घराचा पत्ता.

चार महिने त्याला झोप नव्हती. एका सकाळी सगळं सांगून टाकायचं ठरवून त्याने हे दार वाजवलं. गुरुजींनी दार उघडलं, त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले, मग विचारलं, "काय काम?" डॉक्टरांनी आदल्या आठवड्यात सुचवलेलं तेवढं तोंडातून निघालं. "मन शांत होत नाही. ध्यान शिकवाल?"

गुरुजी दाराची चौकट धरून उभे राहिले होते. मग म्हणाले, "बसा."

आंब्याचे दिवस गेले. पाणी चढलं, घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडाल्या. देवदत्त आता दहापर्यंत पोचत होता. कधीकधी आकडेही विरघळून जायचे आणि नुसता श्वास उरायचा, नदीवर तरंगणाऱ्या पहाटेसारखा. आपण बसलोय की वाहतोय, हेही कळायचं नाही. तो झोपू लागला. बँकेतले लोक म्हणाले, "देवदत्तबाबू, चेहरे पे रौनक आ गई है."

गुरुजींचा श्वासही संथ झाला होता. आता ते उठताना त्याला चहा विचारायचे.

कार्तिक आला. पूर ओसरला, पाणी निवळलं. देवदत्तच्या मनातलंही निवळलं, आणि तळाशी पडलेलं होतं ते लख्ख दिसायला लागलं. आता त्याच्याकडे पाठ करून बसणं जमेना.

त्या दिवशी बसणं संपल्यावर तो उठला नाही.

"गुरुजी, काकूंना धडक बसली ती स्कूटर माझी होती. मी थांबलो नाही. आता इथून पोलीस ठाण्यात जाणार आहे. पण आधी तुम्हाला सांगायला हवं होतं."

त्याला वाटलं होतं, आवाज कापेल. तो कापला नाही. गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"दार उघडलं तेव्हापासून. त्या दिवशी मी तिच्या मागेच होतो, पाच-सहा पावलांवर. नंबर दिसला नाही. पण तुम्ही वळून पाहिलंत ना, तेव्हा चेहरा दिसला. चार महिने तोच चेहरा शोधत गल्ल्या पालथ्या घालत होतो. आणि तो माझ्याच दारात येऊन उभा राहिला."

खाली कुणीतरी स्नान करत संथ सुरात काही म्हणत होतं.

"मग पोलिसांना का नाही सांगितलंत?" देवदत्तने विचारलं. "मला ध्यान का शिकवत बसलात?"

"शिकवायला मला कुठं येत होतं?" गुरुजी म्हणाले. "तुम्ही दार वाजवलंत, तोवर मी आयुष्यात एकदाही ध्यानाला बसलो नव्हतो. तुमच्या गळ्यापर्यंत माझे हात जातील, या भीतीने बसलो."