मधे रस्ता नको

माझ्या लेकाचं घर बघणं म्हणजे डोक्याला नुसता ताप. जन्मभर राहायचं घर, म्हणून दर रविवारी नवी वस्ती बघायची आणि नाक मुरडून परत यायचं, जसा काही राजवाडाच घ्यायचाय. पाणी, बाजार, शेजार, काही विचारत नाही. फाटकापासून शाळेपर्यंत चालत जातो, डावा हात जरा बाजूला धरून. वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागला की तिथूनच मागे फिरतो. सून तर आताशा गाडीतून उतरतही नाही.

आज एजंटानं दाखवलेली वस्ती नामी होती. घर आणि शाळा एकाच कुंपणात, मधे रस्ताच नाही. कितीतरी दिवसांनी लेकाचा चेहरा खुलला.

"मुलगी कितवीत आहे, साहेब?" एजंटानं विचारलं.

"दुसरीत."

एजंट किल्ली आणायला गेला. मी लेकाचा तो रिकामा डावा हात धरला आणि म्हटलं, "मी काही फार शिकलेली नाही, बाबा. पण तीन वर्षं तू दुसरीतच सांगतोयस. ती आता तिसरीत जायची नाही रे. घर तिघांचं बघ."