साक्षीला कोण?

"आधी सदस्यत्व, मग हँडिकॅप, मगच स्पर्धा," म्हणत गोल्फ क्लबच्या सचिवांनी बसचालक बाईंची बोळवण केली होती. बाई कुठल्या ऐकायला! सार्वजनिक मैदानावर वर्षभर घाम गाळून त्यांनी थेट महासंघाकडूनच हँडिकॅप मिळवला. हा आकडा जितका लहान, तितका खेळाडू मोठा. बाईंचा तर चांगलाच लहान होता.

आज खुल्या स्पर्धेला नाव द्यायला त्या आल्या, तेव्हा सचिव कुत्सितपणे हसले. "प्रत्येक खेळाला सोबतचा खेळाडू साक्षीला लागतो, बाई. तुमच्याबरोबर कोण खेळलं? कंडक्टर?"

बाईंनी टेबलावरचं पेन उचलून त्यांच्याच हातात ठेवलं.



"तुमच्या मिसेस. त्यांचंही नाव लिहून घ्या, त्यांचा आकडा तुमच्यापेक्षा लहान आहे."