यंदाची कोळसाबाई

"बाबा, काळी नवरी पाहून नवरदेव पळते, त्यात हासण्यासारखं काय हाय?" बाबांना हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून विचारलंच! ‘फटफटे मामा’ ही चित्रकथा बाबा लहानपणापासून वाचतात, मीही वाचते. दर गणपतीत नाचणगावच्या आमच्या मंडळात तिच्यातल्या एका गोष्टीचं नाटुकलं होतं आणि मामा बाबाच होतात. यंदा त्यांनी कोळसाबाईची तीच गोष्ट काढली होती. "अवं, गंमत हाय ते," बाबा म्हणाले. वांगी निवडता निवडता आई बोलली, "मले पाहाले आलते तवा तुमच्या आत्याबाईनं माहं नाव कोळसाबाईच ठेवलतं." बाबांनी हातातला ‘फटफटे मामा’चा अंक मिटला. "मंग होकार काऊन देल्ला?" "तुम्ही मामाच्या आवाजात ‘चहा फसक्लास’ म्हटलं ना, हसूच आलं!" दोघंही लाजले. मी उठून जाहीर केलं, "नाटक हेच होईन, पण कोळसाबाई मी होणार. नवरदेवाले चहा पाजून नापास मीच करीन!"