झाकलेली पट्टी

“माझाच हात चुकला हो,” दारात उभ्या असलेल्या पेशंटच्या बायकोला डॉक्टर सोहोनीबाई म्हणाल्या. “आतड्याला चिमटा लागला. रक्त थांबलंय आता.”

आत येऊन त्या निशादला म्हणाल्या, “पडद्यावरचं चित्र तर लख्ख होतं तुझं. वय झालं रे माझं. उद्यापासून एंडोस्कोपला हात लावायचा नाही.”

एंडोस्कोप, म्हणजे पोटात बघायची ती कॅमेऱ्याची नळी, निशादनंच बनवला होता. दिव्याची लुकलुक कॅमेऱ्याशी जुळत नव्हती, म्हणून पडद्यावर काळी पट्टी यायची. ती झाकायला त्यानं तिथं आधीच्या क्षणाचं चित्र डकवलं होतं. बाईंना चिमटा लांब दिसला, तेव्हा तो खरं तर आतड्याला टेकला होता.

निशादनं मान खाली घालून ती युक्ती बंद केली. पडद्यावर पट्टी परतली.

“हात नाही चुकला, मॅडम.”

बाईंनी पट्टीकडे बघितलं, मग दाराकडे.

“बाहेर त्यांना तूच सांग.”